‘लो-पॉवर’ म्हणजे नेमकी कोणत्या वेळची पॉवर? डीएलएलवरचे पेपर वाचताना

मेमरीच्या टायमिंगवर काम करायचं ठरवून तुम्ही लिटरेचर सर्व्हे सुरू केलात, की पहिल्या आठवड्यातच डीएलएल, म्हणजे डिले-लॉक्ड लूप, हा शब्द सारखा भेटायला लागतो. त्याच्या मागे बहुतेक वेळा ‘लो-पॉवर’ हे विशेषण असतंच. माझं म्हणणं असं, की या विशेषणाचा जो अर्थ बरेचसे पेपर गृहीत धरतात, तो अपुरा आहे. तो तसाच उचलून विषय निवडलात, तर पीएचडीची तीन-चार वर्षं एका भलत्याच आकड्यामागे जाऊ शकतात.

आधी डीएलएल काय करतं ते बघू. कंट्रोलरकडून आलेला क्लॉक चिपमधल्या बफरमधून आणि तारांमधून जाता जाता उशिरा पोहोचतो. त्यामुळे मेमरी जो डेटा बाहेर टाकते तो क्लॉकच्या मागे पडतो. हा उशीर काढून टाकता येत नाही, म्हणून डीएलएल तो मुद्दाम वाढवून बरोबर पूर्ण चक्राएवढा करतं. दर चार मिनिटांनी लोकल असेल आणि एक गाडी तीन मिनिटं उशिरा आली, तर तिला आणखी एक मिनिट थांबवा. पुढच्या गाडीच्या वेळेला ती ‘वेळेवर’ सुटते! युक्ती छान आहे. पण तापमान आणि व्होल्टेज बदलत राहतात, त्यामुळे हे जुळवणं सतत चालू ठेवावं लागतं, आणि त्याला पॉवर लागते.

आता पेपरच्या शेवटचं तुलनेचं टेबल बघा. तिथे फ्रिक्वेन्सी, जिटर, क्षेत्रफळ आणि मिलीवॅट असे रकाने असतात. हे मिलीवॅट मोजलेले असतात लूप लॉक झालेला आणि क्लॉक पूर्ण वेगात असताना. पण मोबाइलमधली मेमरी दिवसभर अशी राबते का? बराच वेळ ती नुसती बसून असते.

साधा हिशोब करू, आकडे फक्त समजण्यापुरते. ‘अ’ सर्किट ३ मिलीवॅट घेतं, पण लॉक व्हायला वेळ लागतो म्हणून कायम चालू ठेवावं लागतं. ‘ब’ ६ मिलीवॅट घेतं, पण १० सायकलमध्ये जागं होतं, म्हणून काम नसताना बंद करता येतं. मेमरी २ टक्केच वेळ वापरात असेल, तर ‘ब’ची सरासरी साधारण ०.१२ मिलीवॅट. त्यात जागं होण्याचा आणि बंद असतानाच्या गळतीचा थोडा खर्च धरा. तरी ते ‘अ’च्या कितीतरी खाली राहतं. टेबलात मात्र ‘अ’ दुप्पट चांगलं दिसतं!

हे काही नुसतं कागदी उदाहरण नाही. डीडीआर३-१६०० मध्ये क्लॉक ८०० मेगाहर्ट्झचा असतो आणि रीसेटनंतर डीएलएलला ५१२ सायकल द्याव्या लागतात, म्हणजे ६४० नॅनोसेकंद. म्हणूनच त्या स्टँडर्डमध्ये प्रीचार्ज पॉवर-डाऊनचे दोन प्रकार आहेत. डीएलएल चालू ठेवलं तर ६ नॅनोसेकंदांत बाहेर येता येतं. गोठवलं तर रीडसारख्या कमांडसाठी २४ नॅनोसेकंद थांबावं लागतं. पॉवर आणि जागं होण्याचा वेळ हा एकच सौदा आहे, हे स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी मान्य केलं होतं.

मोबाइलसाठीच्या एलपीडीडीआर मेमरीने तर डीएलएलच काढून टाकलं. एलपीडीडीआर२ मध्ये क्लॉकपासून स्ट्रोबपर्यंतचा उशीर २.५ ते ५.५ नॅनोसेकंद काहीही असू शकतो. ४०० मेगाहर्ट्झला एक चक्रच २.५ नॅनोसेकंदांचं, म्हणजे अनिश्चितता एका चक्राहून मोठी! तरी चालतं, कारण डेटासोबत स्ट्रोब येतो आणि तो कधी येईल हे शोधायची जबाबदारी कंट्रोलरवर टाकलेली आहे.

पण इथेही टाळ्या वाजवायची घाई नको. ओझं गेलं नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं. एलपीडीडीआर४ मध्ये राइटच्या वेळी स्ट्रोब आणि डेटा यांत २०० ते ८०० पिकोसेकंदांचा फरक असू शकतो. ३२०० मेगाबिटच्या वेगाला एक बिट फक्त ३१२.५ पिकोसेकंदांचा. हा फरक तापमानाबरोबर सरकतो, म्हणून चिपमध्ये एक ऑसिलेटर ठेवलाय. कंट्रोलर त्याची मोजणी वाचतो आणि ट्रेनिंग पुन्हा करायचं का ते ठरवतो. त्या ट्रेनिंगची ऊर्जा कुठल्या टेबलात आहे? मेमरीच्या टेबलात तर ती शोधून सापडणार नाही.

२०१९ मध्ये आलेल्या एलपीडीडीआर५ ने हा प्रश्न आणखी उघड केला. ६४०० मेगाबिटला मुख्य क्लॉक ८०० मेगाहर्ट्झचा आणि डेटासाठी वेगळा डब्ल्यूसीके क्लॉक ३२०० चा. हा वेगवान क्लॉक रीड-राइटपुरता चालू करता येतो. पण दर वेळी आधी दोघांना सिंक करावं लागतं. म्हणजे किती लवकर थांबता आणि सुरू होता येतं, हाच तिथला मूळ प्रश्न.

पेपर लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. लॉक झालेल्या स्थितीतला आकडा मोजायला सोपा, आणि सगळे तोच देतात म्हणून तुलना करता येते. शिवाय सतत राबणाऱ्या सर्व्हरच्या मेमरीसाठी ‘अ’च बरोबर ठरेल. तक्रार आकड्याबद्दल नाही. मेमरी कुठे वापरणार ते न सांगता ‘लो-पॉवर’ म्हणण्याबद्दल आहे.

म्हणून असा पेपर हातात आला की मार्जिनमध्ये तीन प्रश्न लिहा. काम नसताना किती पॉवर? जागं व्हायला किती सायकल? वाचवलेली पॉवर कुणाच्या खात्यात गेली? ज्या प्रश्नाला एकाही पेपरात नीट उत्तर मिळत नाही, तिथे तुमचं प्रॉब्लेम स्टेटमेंट असण्याची शक्यता बरीच आहे. टेबलातला मिलीवॅटचा आकडा आणखी थोडा खाली आणण्यापेक्षा ते काम जास्त टिकेल, आणि व्हायवात ‘मग याने बॅटरी वाचते का?’ असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.