पी. साईनाथ यांचे स्थलांतरविषयक वृत्तलेखन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लोकसंख्या हा विषय वृत्तपत्रांतून बहुधा जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतात तेवढ्यापुरताच येतो. पी. साईनाथ यांनी मात्र ग्रामीण माणसाचे गाव सोडणे हा आपल्या वार्तांकनाचा कायम विषय केला. १९९३ पासून देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत केलेली भ्रमंती, त्यातून सिद्ध झालेला १९९६ चा ‘एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्राउट’ हा ग्रंथ, ‘द हिंदू’मधील दशकभराचे लेखन, २००७ चा मॅगसेसे पुरस्कार आणि २०१४ मध्ये स्थापन केलेले ‘पारी’ हे त्यांच्या कारकिर्दीचे प्रमुख टप्पे होत. प्रस्तुत लेखात या लेखनाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

पद्धती :
साईनाथ स्थलांतर मोजण्यासाठी बस आगारात जातात. महबूबनगरहून मुंबईस १९९३ च्या सुमारास आठवड्याला एक बस जाई. २००३ मध्ये त्या ३४ झाल्या, हे त्यांनी नोंदविले. जनगणना दहा वर्षांनी जे सांगते, ते बसचे वेळापत्रक दर हंगामात सांगत असते. पुढे २०११ च्या जनगणनेचे प्राथमिक आकडे आले. १९२१ नंतर प्रथमच नागरी लोकसंख्येतील वाढ (९ कोटी १० लाख) ग्रामीण वाढीपेक्षा (९ कोटी ६ लाख) अधिक ठरली होती. या आकड्यांत त्यांनी शेतीच्या अरिष्टाची खूण वाचली.

मर्यादा :
येथे दोन आक्षेप संभवतात. नागरी वाढीत स्थलांतराइतकाच पुनर्वर्गीकरणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००१ मधील १,३६२ जनगणना नगरे २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे अनेक ठिकाणी माणसे हलली नाहीत, गावाचा दर्जा बदलला. दुसरे असे की, गाव सोडणे हे नेहमी केवळ अगतिकतेचेच लक्षण नसते. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत केलेली ग्रामव्यवस्थेची चिकित्सा स्मरता, दलितांसाठी ती जातीच्या जाचातून सुटण्याचीही वाट होती. साईनाथांच्या लेखनात जातीचे वास्तव ठळक आहे. परंतु स्थलांतराची मीमांसा करताना भर अरिष्टावरच राहतो.

निष्कर्ष :
तरीही पद्धतीचे मोल कमी होत नाही. हिंगोलीसह मराठवाड्यातील ऊसतोड मजूर साधारणतः दिवाळीनंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गाळप हंगामात झाली. २०२१ ची गणना लांबली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे. तेव्हाही ही कुटुंबे फडावरच असतील. त्यांची नोंद गावात होणार की कोपीवर, आणि मुलांच्या शाळेचा व शिधापत्रिकेचा हिशेब कोणत्या गावी धरणार, हा प्रश्न उरतोच. डोंगरकडा परिसरातील अभ्यासकाने गावनिहाय टोळ्या, मुकादमांच्या उचली आणि शाळांच्या हजेरीपटावरील गळती यांची हंगामी नोंद ठेवल्यास जनगणनेला न दिसणारी माणसे कागदावर येतील. साईनाथांच्या कारकिर्दीतून घ्यावयाचा धडा हाच होय.