इंडेक्स म्हणाला ‘धोका कमी’. पण गाळातल्या अळीला कोणी विचारलं का?



एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी आमच्या भिवापूर भागातल्या एका तलावाचा गाळ तपासला होता. प्रोजेक्ट नेहमीसारखाच. गाळ वाळवला, चाळला, ॲसिडमध्ये विरघळवला, पाच धातू मोजले, सूत्रात आकडे टाकले आणि निष्कर्ष लिहिला: ‘पर्यावरणीय धोका कमी’. व्हायव्हा छान झाली. नंतर तलावावरच्या एका ढीवर काकांना हे सांगायला गेले, तर ते म्हणाले, “धोका कमी हाय म्हणता, मंग मासोळी काऊन कमी झाली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मासोळी कमी होण्याला दहा कारणं असू शकतात, ते सोडा. खरी अडचण वेगळी होती. माझ्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकही जिवंत प्राणी नव्हता, तरी मी जलचरांच्या धोक्याबद्दल ठाम वाक्य लिहिलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण हेच करणार आहेत, म्हणून ज्या सूत्रावर हे सगळं उभं आहे त्याची आज जरा झाडाझडती घेऊ.

सूत्र काय म्हणतं?

स्वीडनच्या लार्स हाकान्सन यांनी 1980 साली ‘वॉटर रिसर्च’मध्ये एक पेपर लिहिला. त्यातला ‘संभाव्य पर्यावरणीय धोका निर्देशांक’ आज गाळावरच्या असंख्य पेपरांत आणि प्रबंधांत भेटतो. हिशोब सोपा आहे. गाळातल्या धातूचं प्रमाण त्याच्या नैसर्गिक प्रमाणाने भागायचं, त्या धातूच्या ‘विषारीपणाच्या गुणकाने’ गुणायचं आणि सगळ्या धातूंची बेरीज करायची. गुणक असे: जस्त 1, क्रोमियम 2, तांबं आणि शिसं प्रत्येकी 5, आर्सेनिक 10, कॅडमियम 30, पारा 40 आणि पीसीबी 40. बेरीज 150 च्या आत असेल तर धोका कमी, 600 च्या वर गेली तर अतिशय जास्त.

आता मूळ पेपर उघडून वाचा. मी तो पीएचडीला आल्यावर पहिल्यांदा पूर्ण वाचला, हे कबूल करते.

पहिली गोष्ट: 150 ही रेषा आठ घटकांसाठी आहे

आठही गुणकांची बेरीज करा, 133 येते. म्हणजे आठही घटक नैसर्गिक पातळीवर असले तर निर्देशांक 133, आणि 150 ची रेषा त्याच्या थोडीच वर. आपण मात्र बहुतेक वेळा पारा, आर्सेनिक आणि पीसीबी मोजतच नाही, कारण सोय नसते. उरलेल्या पाच धातूंच्या गुणकांची बेरीज फक्त 43. प्रत्येक धातू नैसर्गिक प्रमाणाच्या तिप्पट झाला तरी निर्देशांक 129, आणि आपण लिहिणार ‘धोका कमी’!

शिवाय या 43 मधले 30 एकट्या कॅडमियमचे. गाळात कॅडमियम फार थोडं असतं, साध्या फ्लेम एएएसवर ते यंत्राच्या मोजण्याच्या सीमेजवळ घुटमळतं. ज्या आकड्यावर आपला सगळ्यात कमी भरवसा, तोच निकाल ठरवतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट: हा ‘विषारीपणा’ प्राण्यांवर तपासलेला नाही

मला वाटायचं, कॅडमियमचे 30 म्हणजे कुठल्या तरी माशांवरच्या प्रयोगातून आलेला आकडा असेल. तसं नाही. हाकान्सन यांनी तो निसर्गातल्या दुर्मिळतेवरून काढला: खडक, माती, पाणी आणि सजीवांमध्ये जो घटक जितका कमी आढळतो, तितका तो विषारी धरायचा. कल्पना चुकीची नाही, पण हा अंदाज आहे, मोजमाप नाही.

तेही त्यांनी तलावाच्या जैविक उत्पादकतेशी जोडलं होतं. गाळातला नायट्रोजन आणि सेंद्रिय भाग मोजून एक आकडा काढायचा आणि त्यानुसार बहुतेक गुणक बदलायचे. आपण वापरतो ते गुणक हा आकडा 5 असतानाचे. तो 10 झाला की पाऱ्याचा गुणक 40 वरून 20 होतो. सांडपाण्याने हिरवागार झालेला आपल्याकडचा तलाव आणि स्वीडनचं थंड, स्वच्छ सरोवर यांना एकच गुणक कसा लावायचा? पण नंतरच्या पेपरांत ही पायरी सहसा गळालेली असते.

तिसरी गोष्ट: आपला खडक वेगळा आहे

हाकान्सन यांनी तांब्याचं नैसर्गिक प्रमाण किलोला 50 मिलिग्रॅम धरलं. बरेच जण त्याऐवजी 1961 च्या टुरेकियन-वेडेपोल तक्त्यातलं शेल खडकाचं 45 घेतात. पण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये किलोला 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तांबं असणं नेहमीचंच. काळ्या मातीचा गाळ कुठलाही कारखाना नसतानाही ‘तांब्याने प्रदूषित’ ठरू शकतो.

गोसीखुर्दचं उदाहरण घ्या. भिवापूरहून पवनीकडे गेलं की वैनगंगेवरचं हे धरण येतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, आणि तिथला गाळ या जलाशयाकडे येतो. 2022 च्या जुलैमध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, ती राखही कन्हानच्या खोऱ्यातच आली. आता खडक बघा. नाग उगम पावते बेसॉल्टच्या भागात, तर नागपूरच्या पूर्वेला जुने नाइस खडक लागतात. मग या जलाशयाच्या गाळाचं नैसर्गिक प्रमाण कुठलं धरायचं? तक्त्यातून उचललेला एक आकडा इथे चालणार नाही. खोलवरचा जुना गाळ किंवा त्याच खोऱ्यातला, सांडपाणी न पोचलेला गाळ मोजावाच लागेल.

म्हणजे हा निर्देशांक एकीकडे उगाच घाबरवतो आणि दुसरीकडे उगाच धीर देतो.

मग करायचं काय?

प्राण्यालाच विचारायचं. काळ्या, वास येणाऱ्या गाळात सल्फाइड असतं आणि ते कॅडमियम, तांबं, शिसं, जस्त, निकेल यांना बांधून ठेवतं. डी टोरो आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये कॅडमियमवर दाखवलं की अशा सल्फाइडपेक्षा धातू कमी असेल (वजनाने नव्हे, मोलच्या हिशोबाने), तर गाळात धातू असूनही तो प्राण्यांना मारत नाही. आपण ॲसिडमध्ये सगळं विरघळवून एकूण धातू मोजतो. अळीच्या पोटात काही ते ॲसिड नसतं!

गाळात राहणारी कायरोनोमसची लाल अळी यासाठी जगभर वापरतात. ओईसीडीची 2004 ची 218 क्रमांकाची पद्धत गाळात रसायन मिसळून करायची असते. त्यात साधारण 28 दिवसांत किती अळ्यांचे डास बाहेर पडतात आणि किती वेळात, ते मोजतात. (हे डास चावत नाहीत, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.) नदी-तलावातून आणलेल्या गाळासाठी अमेरिकेच्या ईपीएची 2000 ची पुस्तिका बघा, त्यात 10 दिवसांची जगणं आणि वाढ मोजणारी चाचणी आहे. बीकर, हवेचा पंप, अळ्या, तराजू एवढ्यात काम सुरू होतं. एएएसच्या रांगेत महिनाभर थांबण्यापेक्षा छोट्या कॉलेजला हे जास्त परवडेल.

दोन चुका मात्र टाळा. चाचणीचा गाळ वाळवू नका. ओलाच, फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सल्फाइड हवेने नष्ट होईल आणि तुम्ही भलताच गाळ तपासाल. आणि अळ्या मेल्या की लगेच धातूंना दोष देऊ नका. सांडपाण्याच्या गाळात अमोनिया असतो आणि ऑक्सिजन कमी असतो, ते दोन्ही रोज मोजा. म्हणूनच लाँग आणि चॅपमन यांनी 1985 मध्ये तीन पुरावे एकत्र ठेवायला सांगितलं: रसायनं, प्राण्यांवरची चाचणी आणि त्या जागी प्रत्यक्ष कोणते जीव राहतात याची मोजणी.

हाकान्सन यांच्यावर अन्याय नको. त्यांनी ‘संभाव्य’ हा शब्द नावातच ठेवला होता. पुढे कुठे बारकाईने बघायचं, हे पटकन ठरवायला त्यांचं सूत्र आजही उपयोगी आहे. चूक आपली, आपण पहिल्या पायरीलाच निकाल म्हणायला लागलो.

माझं ते वाक्य आज लिहायचं झालं तर असं लिहीन: ‘या गाळात पाच धातू मोजले, जलचरांवर त्यांचा परिणाम तपासलेला नाही.’ वाक्य साधं आहे, व्हायव्हात कदाचित भाव खाणार नाही. पण काकांसमोर ते वाचून दाखवायला मला लाज वाटणार नाही. तुमच्या प्रबंधातलं ‘धोका कमी’ हे वाक्य आज एकदा काढून बघा. त्याच्यामागे किती जिवंत प्राणी उभे आहेत?