‘श्यामची आई’ : बालमनाच्या दृष्टीने एक फेरविचार

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही कृती मराठी घराघरांत पोचली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाने तिची कीर्ती आणखी दूरवर नेली. या ग्रंथाविषयीची टीका मात्र बहुधा दोनच टोकांना राहिली. एका पक्षाने त्याला मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वंदन केले. दुसऱ्याने त्यातील अश्रूंच्या विपुलतेकडे बोट दाखवून तो भाबडा ठरविला. ज्या प्रश्नाचा विचार व्हावयास हवा होता तो या दोहोंच्या मध्येच राहून गेला. लहान मुलाची भीती, त्याची लाज, त्याचा राग यांच्याशी ही आई नेमकी कशी वागते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतला नाही. मुलांना वळण कसे लावावे याविषयी वाद निघाला की मराठी कुटुंबात या ग्रंथाचा दाखला हमखास दिला जातो. आणि त्यातही ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणाचा. प्रसंग सर्वपरिचित आहे. पाण्याला भिणारा श्याम लपून बसतो; आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहावयास शिकतो. यावरून ‘माराने मूल धीट होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो वारंवार काढला गेला आहे.

परंतु प्रकरण तेथे संपत नाही, याकडे या निष्कर्षाचे दुर्लक्ष होते. मारानंतर रुसलेल्या श्यामला आई जवळ घेते, आपण का मारले ते सांगते, लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणू नये ही आपली तळमळ त्याच्यापुढे उघड करते. दुखावलेले नाते ती त्याच दिवशी सांधते. श्यामच्या मनात आईविषयी अढी राहिली नाही, याचे श्रेय मारास नसून या सांधण्यास आहे. मार वगळूनही ही समजूत घालता आली असती. समजूत वगळून नुसता मार उरला असता, तर मागे केवळ पाण्याची भीती आणि आईची भीती अशा दोन भीती राहिल्या असत्या. ग्रंथाचा आधार घेऊन छडी उगारणारे लोक अर्धेच प्रकरण वाचतात, असे म्हणावयास हरकत नाही.

या आईचे खरे सामर्थ्य अन्यत्र दिसते. ‘थोर अश्रू’ या प्रकरणात स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा हट्ट छोटा श्याम धरतो. आई त्याला दटावीत नाही. आपले ओचे दगडावर पसरून त्यावर पाय ठेवू देते, आणि मग पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सुचविते. येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी हट्टाचा स्वीकार, मागाहून उपदेश. ‘मुकी फुले’ या प्रकरणातही कळ्या खुडून आणणाऱ्या मुलास ती दोषी ठरवून लाजवीत नाही. फुलाने झाडावरच उमलण्यात काय आहे ते सांगते. भावनेस प्रथम जागा द्यावी आणि नंतर तिला वळण द्यावे, हे तत्त्व बालमानसशास्त्राने पुढे शास्त्रीय भाषेत मांडले. पालगडच्या या मातेने ते व्यवहारातून जाणले होते.

तथापि ग्रंथाची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. ही कथा मूल सांगत नाही; आईला गमावलेला प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री, बेचाळीस रात्री, ती सांगतो. त्यामुळे बालपणीच्या प्रत्येक रागावर प्रौढ कृतज्ञतेचा थर चढला आहे. लपून बसलेल्या मुलास त्या क्षणी काय वाटले, हे आपणांस अस्पष्टच कळते. त्याने पुढे स्वतःला दिलेला दोष मात्र ठळकपणे ऐकू येतो. आईच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो ही व्यथा साऱ्या निवेदनाला व्यापून आहे. स्मरणग्रंथाचा हा धर्मच असल्याने तो लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. पण बालसंगोपनाचा नमुना म्हणून जो तो वाचतो, त्याने अपराधभावनेलाच संस्कार समजण्याची चूक करू नये.

कोणी आक्षेप घेतील की, भावगर्भ आत्मकथनाला मानसशास्त्राच्या तराजूत तोलणे अरसिकपणाचे आहे. आक्षेप एरवी मान्य करता आला असता. परंतु समाजानेच ज्या ग्रंथाला आचारग्रंथाचे स्थान दिले, त्याची त्या भूमिकेत परीक्षा होणे अपरिहार्य आहे.

आणि या परीक्षेतून ग्रंथ उणा ठरत नाही. उलट त्याचे एक उपेक्षित अंग पुढे येते. उत्तरार्धात कर्ज, दारिद्र्य, आजारपण आणि सावकाराच्या माणसाकडून होणारी विटंबना यांनी ही आई खचत जाते. तिला आधार देणारे हात फार थोडे आहेत. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात असा विचार मांडला की, ज्या समाजाला मुले मोलाची वाटतात त्याने त्यांच्या आईबापांनाही जपले पाहिजे. तोच विचार कथारूपाने या प्रकरणांत आधीच आला आहे. मराठी वाचकाने आईच्या त्यागापुढे डोळे पुसले. तो त्याग तिच्यावर कोणी लादला, हे विचारले नाही.

याच मातीत ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालवाडीचे काम उभे केले. मुलाच्या मनाची जोपासना हे एकट्या आईचे ओझे नसून समाजाचे कर्तव्य आहे, हा त्या कार्याचा अर्थ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. घरातील छडी मात्र अजूनही कित्येकदा श्यामच्या आईचे नाव घेऊन उचलली जाते.

तिच्या नावाने काही घ्यावयाचेच असेल, तर ते दगडावर पसरलेले ओचे घ्यावेत. हट्टी मुलाच्या पायाखाली स्वतःचे वस्त्र अंथरून मगच त्याच्या मनाविषयी बोलणारी आई हा या ग्रंथाचा गाभा आहे. विहिरीवरील मार हा त्या आईचाही पराभवाचा क्षण होता, असे वाचल्याने तिचा गौरव कमी होत नाही.