‘लीन इन’ : उपदेश आणि अनुभव

शेरिल सँडबर्ग यांचे ‘लीन इन’ हे पुस्तक 2013 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या फेसबुक कंपनीत अधिकाराच्या उच्च पदावर होत्या. नोकरीत नव्याने शिरलेल्या तरुणीने ते वाचावे. परंतु सावधपणे वाचावे. बैठकीत कडेची खुर्ची न शोधता मेजापाशी बसावे, मातृत्वाच्या केवळ कल्पनेने आधीच माघार घेऊ नये, हा उपदेश मनाला पटतो. कारण स्वतःच्या संकोचाची कबुलीही लेखिका देते.

उणीव आहे ती अन्यत्र. पतीने संसाराचा निम्मा भार उचलावा, हा या ग्रंथाचा एक मुख्य आधार. ज्या घरी पतीच नाही, तेथे काय? 2015 मध्ये वैधव्य आल्यावर, 2016 साली लेखिकेनेच ही उणीव जाहीरपणे मान्य केली. वर्ण व वर्ग यांकडे झालेल्या दुर्लक्षावर तर बेल हुक्स यांनी 2013 सालीच बोट ठेवले होते.

अध्यापकांनी हे पुस्तक विद्यार्थिनींच्या हाती देताना ही कबुलीही सांगावी. एरवी परिस्थितीने अडविलेली मुलगी अपयशाचा दोष आपल्याच धैर्याला देत बसेल.