दान, शस्त्र आणि शांती : श्रीलंकेच्या अनुभवातून एका ग्रंथाचा विचार

युद्धाने पोळलेल्या देशात बाहेरून आलेली मदत शांतता आणते की युद्धच लांबवते, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणारा ग्रंथ म्हणून मेरी अँडरसन यांच्या ‘डू नो हार्म’चा (१९९९) उल्लेख केला जातो. ‘अपाय करू नका’ हे त्याचे सूत्र. मदत देणाऱ्या संस्थांनी हा ग्रंथ जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखा स्वीकारला. धम्माच्या दृष्टीने त्याचे मोल काय, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असे की, मदत कधीही तटस्थ नसते. धान्य लुटले जाते आणि त्यावर सैन्य पोसले जाते. बाहेरच्या पैशाने बाजारभाव व मजुरी बदलतात. वाटप एका गटाकडे झुकले की दुसऱ्याचा रोष वाढतो. प्रजेच्या पोटाची काळजी परक्यांनी घेतली की राज्यकर्त्यांचा पैसा शस्त्रांसाठी मोकळा होतो. आणि ज्याच्या परवानगीने वाटप करावे लागते, त्याला आयतीच प्रतिष्ठा मिळते. म्हणून समाजातील तोडणारे व जोडणारे घटक ओळखावेत आणि मदतीने जोडणाऱ्यांना बळ द्यावे, असे लेखिका सुचवितात. हे विवेचन स्पष्ट व अनुभवाधिष्ठित आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

तथापि, श्रीलंकेचा इतिहास या कसोटीवर लावला असता ग्रंथाची मर्यादा दिसू लागते. हा देश आम्हांस परका नाही. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब तेथे गेले होते. तेथील युद्धाकडे पाहताना आम्हांस संकोच वाटतो, आणि म्हणूनच त्याकडे पाहणे आवश्यक आहे.

१९७७ नंतर महावेली प्रकल्पाला परकीय मदतीने वेग आला. व्हिक्टोरिया धरणास ब्रिटनने, कोटमाले धरणास स्वीडनने साहाय्य केले. कोरडवाहू प्रदेशात नव्या वसाहती झाल्या आणि आपल्या भूमीतील लोकसंख्येचे प्रमाण बदलले जात असल्याची भावना तमिळांमध्ये बळावली. ग्रंथाच्या भाषेत हा वाटपाचा दुष्परिणाम झाला. परंतु त्यामागे १९५६ चा ‘केवळ सिंहली’ भाषा कायदा होता. त्याही आधी १९४८ चा नागरिकत्वाचा कायदा होता, ज्याने चहाच्या मळ्यांवरील लाखो तमिळ मजूर नागरिकत्वास मुकले. या मजुरांत तमिळनाडूतून नेलेल्या अस्पृश्य जातींचा भरणा मोठा होता. दुभंग मदतीने निर्माण केला नाही. तो कायद्याने व मनाने आधीच निर्माण केलेला होता.

२००२ च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला. २००३ च्या जूनमध्ये टोकियो येथे देणगीदार राष्ट्रांनी सुमारे साडेचार अब्ज डॉलरचे आश्वासन दिले आणि शांतताप्रक्रियेतील प्रगतीशी ते जोडले. तमिळ वाघांनी त्या परिषदेवर बहिष्कार टाकला. पैशाने शांतता विकत घेण्याचा तो प्रयत्न फसला. पुढे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तीस हजारांहून अधिक बळी घेतले. मदतीच्या संयुक्त वाटपासाठी सरकार व वाघ यांच्यात २००५ च्या जूनमध्ये करार झाला. त्याविरुद्ध आमरण उपोषणास बसले एक भिक्खू! सर्वोच्च न्यायालयाने जुलैत कराराच्या महत्त्वाच्या तरतुदींना स्थगिती दिली. चीवर धारण करणाऱ्याने भुकेल्याच्या वाट्याला विरोध करावा, हे आम्हांस समर्थनीय वाटत नाही. वाघांनी १९८५ मध्ये अनुराधपुरात व १९८७ मध्ये अरंतलाव येथे केलेल्या हत्या, त्यांत बळी पडलेले भिक्खू, १९९० मध्ये उत्तरेतून हाकललेले मुस्लिम, हे आम्ही विसरलेलो नाही. पण वैराने वैर शमत नाही, हे तथागतांचे वचन प्रतिपक्षाच्या अपराधाने रद्द होत नसते.

येथे दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचे स्मरण होते. त्यातील राजा दरिद्री जनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, चोरी वाढते. मग राजा पकडलेल्या चोरालाच धन देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. तेव्हा राजा शिरच्छेद आरंभतो आणि लोक शस्त्रे करवून घेतात. आधी दुर्लक्ष, मग ज्याने उपद्रव दिला त्यालाच देणे, आणि शेवटी दंड : आधुनिक मदतनीतीचा सारा प्रवास या क्रमात सामावला आहे. टोकियोत व पुढील करारात विचार झाला तो मुख्यतः शस्त्रधारी दोन पक्षांचा. मुस्लिम पक्षांची त्या करारावर स्वाक्षरी नव्हती. मळ्यातील मजूर तर चर्चेच्या कडेलाच राहिला. कूटदन्त सुत्तातील पुरोहित मात्र आधीच सांगतो : शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. हे दान नव्हे, ही राज्याची व्यवस्था आहे.

जोडणाऱ्या घटकांचे एक उदाहरण त्याच भूमीत आहे. ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ साली सर्वोदय श्रमदान चळवळीचा आरंभ केला तो रोडी या बहिष्कृत जातीच्या गावात. चळवळीचे नाव गांधी-विनोबांच्या परंपरेचे आहे आणि त्या परंपरेशी आमचा मतभेद सर्वश्रुत आहे. तरीही पहिले पाऊल कोठे पडले, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

युद्ध मे २००९ मध्ये संपले. अखेरच्या महिन्यांत नागरिकांच्या रक्षणात आपली यंत्रणा अपयशी ठरली, असे संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत अहवालाने २०१२ मध्ये मान्य केले. मदत संस्था तेथे होत्या. त्यांना २००८ च्या सप्टेंबरात वन्नीतून बाहेर पडण्यास सांगण्यात आले आणि बहुतेक निघून गेल्या. ‘अपाय करू नका’ या सूत्राजवळ त्या क्षणासाठी उत्तर नाही.

आमचा आक्षेप एवढाच : हा ग्रंथ दात्याचा विवेक जागा करतो, परंतु घेणाऱ्याचा हक्क त्याच्या केंद्रस्थानी नाही. सामाजिक लोकशाहीच्या पायाविना राजकीय लोकशाही टिकत नाही, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. शांततेलाही तोच नियम लागू आहे. हे सांगताना आम्ही स्वतःस वगळू नये. त्याच लाटेने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा तेथील दलितांना मदतीत डावलले गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या विहारांतून जेव्हा मदतनिधी गोळा होतो, तेव्हा किती जमले हे आपण जाहीर करतो. यादीत कोण आले नाही, हेही त्याच फलकावर लिहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.