जत्रा उठली, हिशेब राहिला: सायकल उद्योग आणि त्याची प्रदर्शनं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलेल्या प्रश्नापासून आज सुरुवात करू या. प्रश्न असा होता की, जगातली सायकलींची मोठी व्यापारी प्रदर्शनं बंद पडताहेत, आकसताहेत, हे खरं. पण त्यात बिघडलं काय? सायकली तर विकल्या जातातच ना?

प्रश्न रास्त आहे. प्रदर्शन बंद पडलं म्हणून कुणाची सायकल पंक्चर होत नाही. तरीही आमचं मत असं आहे की, त्यात काहीतरी बिघडलं आहे, आणि जे बिघडलं त्याची किंमत कंपन्यांपेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जास्त मोजावी लागते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. व्यापारी प्रदर्शन म्हणजे तुम्ही-आम्ही तिकीट काढून बघायला जातो ते नव्हे. तिथं कारखानदार येतात, सुटे भाग बनवणारे येतात, आयातदार येतात आणि मुख्य म्हणजे दुकानदार येतात. पुढच्या हंगामात दुकानात काय ठेवायचं, किती ठेवायचं, कुणाकडून आणि किती दिवसांच्या उधारीवर घ्यायचं, हे तिथं ठरत असे. वरून दिवे आणि चकचकीत फ्रेम. आत मात्र वही, पेन आणि घासाघीस.

अमेरिकेतलं असं सगळ्यांत मोठं प्रदर्शन म्हणजे इंटरबाइक. ते 1982 साली सुरू झालं आणि अनेक वर्षं लास व्हेगासला भरत होतं. त्याला जोडून बोल्डर सिटीजवळच्या बूटलेग कॅन्यनच्या उघड्या माळावर दुकानदारांना नव्या सायकली प्रत्यक्ष चालवून बघता येत. 2018 साली ते रीनो शहरात हलवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयोजक कंपनीनं जाहीर केलं की 2019 चं प्रदर्शन होणार नाही. एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेलं आणि एका खेपेतच गुंडाळलं.

तिकडं जर्मनीत युरोबाइक 1991 पासून फ्रीडरिशहाफेन या तळ्याकाठच्या गावी भरत असे. 2018 साली त्यांनी तारखा सप्टेंबरच्या आसपासवरून जुलैवर आणून पाहिल्या. पुढच्याच वर्षी पुन्हा सप्टेंबरवर गेले. 2022 पासून प्रदर्शन फ्रँकफर्टला गेलं. मोठं शहर, मोठा विमानतळ, आणि सायकलीबरोबर शहरी वाहतुकीच्या व्यापक चर्चेची महत्त्वाकांक्षा. पण 2025 मध्ये जर्मनीतल्याच सायकल क्षेत्राच्या दोन संघटनांनी युरोबाइकबरोबरचं सहकार्य थांबवलं. ज्या घरचं कार्य, त्या घरच्याच मंडळींनी मांडवातून उठून जावं, तसा हा प्रकार.

आता असं का झालं? सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे इंटरनेट. नवी सायकल आली की फोटो, वजन, किंमत सगळं घरबसल्या कळतं. मग विमानाचं तिकीट काढून कोण जाईल? हे उत्तर आम्हाला अर्धवट वाटतं. कारण इंटरनेट तैवानमध्येही आहे, आणि तैपेईचं सायकल प्रदर्शन अजून भरतं. त्याच तैवानमधल्या ताइचुंग शहरात सुट्या भागांचे पुरवठादार हॉटेलांच्या खोल्यांत टेबलं मांडून बसत, आणि जगभरच्या कंपन्यांची खरेदी करणारी माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत. ना रोषणाई, ना व्यासपीठ. तरी लोक आले, कारण कारखाने तिथून जवळ आहेत आणि भाग हातात घेऊन वाकवून, फिरवून बघता येतो. माहिती फुकट झाली म्हणून गाठीभेटींची गरज संपली, असं दिसत नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे, पण त्याची चर्चा कमी होते. मोठ्या कंपन्यांना सगळ्यांच्या शेजारी उभं राहायचं नव्हतं. ट्रेक आणि स्पेशलाइज्ड या अमेरिकेतल्या दोन बड्या कंपन्यांनी इंटरबाइक सोडून आपापल्या दुकानदारांसाठी स्वतःचे मेळावे भरवले. ते उन्हाळ्यातच व्हायचे, आणि इंटरबाइक सप्टेंबरमध्ये. म्हणजे दुकानदार लास व्हेगासला पोचेपर्यंत त्याच्या पैशाचा मोठा वाटा आधीच अडकलेला. उरलेल्या स्टॉलवाल्यांपुढं तो उभा राहणार तो रिकाम्या खिशानं.

यात कंपन्यांचं काही चुकलं का? व्यापाराच्या हिशेबानं नाही. आपल्या मेळाव्यात दुकानदाराची राहण्या-जेवणाची सोय करायची, दोन दिवस आपल्याच सायकली दाखवायच्या आणि निघताना मागणी नोंदवून घ्यायची. खर्च तोच, पण शेजारच्या स्टॉलवर हजार रुपये स्वस्त काय आहे, हे बघायची वाटच बंद. आमचा आक्षेप नेमका इथं आहे. प्रदर्शनात दुकानदाराकडं एकच ताकद होती: तो वीस पावलं चालून दुसऱ्याकडं जाऊ शकत होता. मेळाव्यात तो पाहुणा असतो, आणि पाहुण्यानं घासाघीस करायची नसते.

शेजारी शेजारी मांडण्याचं महत्त्व नवं नाही. 1885 साली लंडनच्या स्टॅन्ली प्रदर्शनात जॉन केंप स्टार्ली यांची रोव्हर सायकल मांडली गेली. तो काळ पुढं भलंमोठं आणि मागं छोटं चाक असलेल्या उंच सायकलींचा आणि तीनचाकींचा. त्यांच्या पंगतीत ही बुटकी, मागच्या चाकाला साखळीनं जोर देणारी सायकल उभी राहिली. 1888 मध्ये डनलॉपचं हवा भरलेलं टायर आलं, आणि थोड्याच वर्षांत उंच चाकाचा जमाना आटोपला. आज आपल्या बोळात उभी असलेली सायकल त्याच घडणीची आहे.

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. गेलेल्या जत्रेचे गोडवे गाणं सोपं असतं. ही प्रदर्शनं काही संतांची मांदियाळी नव्हती. दर वर्षी नवं मॉडेल आणायची सवय या उद्योगाला लावण्यात त्यांचा मोठा हात आहे. सप्टेंबर आला की काहीतरी नवीन दाखवलंच पाहिजे. त्यापायी काय काय झालं बघा. डोंगरी सायकलीच्या मागच्या हबची रुंदी 135 मिलिमीटर होती, मग 142 झाली, मग 148. चाक 26 इंची होतं, मग 29 आलं, मधे 27.5 आलं. यातल्या काही बदलांनी सायकल खरंच सुधारली, हे आम्ही नाकारत नाही. पण दर बदलामागं दुरुस्ती करणाऱ्याच्या फडताळात आणखी एक खण वाढतो, आणि चार वर्षांपूर्वीची धडधाकट सायकल सुट्या भागाअभावी भंगाराकडं सरकते. स्टॉलवर टाळ्या पडल्या, त्याचं बिल दुरुस्तीच्या दुकानात फाटलं.

दुसरा दोष म्हणजे ही प्रदर्शनं शर्यतीच्या आणि डोंगराच्या सायकलींवर भाळलेली होती. रोज कामावर सायकलनं जाणारा माणूस, शाळेत जाणारी मुलगी, सामान वाहणारा, हे कोपऱ्यात. पुढं विजेवरच्या सायकली आणि मालवाहू सायकली आल्या, तेव्हा युरोबाइकनं त्यांना मानाची जागा दिली, हे तिच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

आता करोनाच्या काळाकडं येऊ, कारण या उद्योगाची खरी परीक्षा तिथं झाली. 2020 मध्ये बस आणि रेल्वे टाळणारे लोक सायकलीकडं वळले. दुकानं रिकामी झाली. भाग मिळेनात; मागणी नोंदवून वर्षवर्ष वाट बघावी लागे. मग दुकानदारानं काय केलं? दहा हव्या असतील तर वीस मागवल्या, म्हणजे निदान दहा तरी येतील. आयातदारानं त्यावर आपली भर घातली, कंपनीनं आणखी. चाबकाची मूठ बोटभर हलली की टोक हातभर फटकारतं, तसं हे झालं. माल आला तेव्हा मागणी ओसरली होती. 2022 पासून गोदामं तुंबली, सवलतींचा पूर आला. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटनमधली विगल आणि चेन रिअॅक्शन ही ऑनलाइन विक्रीतली मोठी नावं दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आणि एप्रिल 2024 मध्ये कॅलिफोर्नियात सी ऑटर क्लासिक या सायकल महोत्सवात कोना कंपनीची माणसं स्टॉल लावत असताना त्यांना तो आवरून परत जायला सांगण्यात आलं. मालक कंपनी कोना विकायला काढणार होती. पुढच्याच महिन्यात मूळ संस्थापकांनी ती परत विकत घेतली. शेवट गोड झाला म्हणा, पण लावता लावता मोडलेल्या त्या स्टॉलवरून या उद्योगाची अवस्था कळते.

प्रदर्शनं जोरात असती तर हे टळलं असतं का? असा दावा आम्ही करणार नाही. साथीत तर प्रदर्शनंच रद्द झाली होती. पण एवढं म्हणू की, त्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत या धंद्यानं एकमेकांकडं बघायची सवय मोडून टाकली होती. प्रत्येकाला आपली मागणीवही दिसत होती, शेजाऱ्याची दिसत नव्हती. बाजारात फिरणाऱ्याला चार ठिकाणी तोच माल पडून दिसला की तो हात आखडता घेतो. बंद मेळाव्यात बसलेल्याला ते दिसणार कसं?

सी ऑटरसारखे महोत्सव आता प्रदर्शनाची जागा घेतील, असं म्हटलं जातं. तिथं शर्यती आहेत, स्टॉल आहेत, आणि सायकल चालवणारा माणूस थेट कंपनीला भेटतो. हे चांगलंच आहे. पण तो विचारतो, चालते कशी? दुकानदार विचारतो, तीन वर्षांनी हिचा भाग मिळेल का, परत आली तर वाहतूक खर्च कोण देणार? हे प्रश्न विचारायला महोत्सवात वेगळी जागा नाही. मग ते विचारलेच जात नाहीत, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतात.

आपल्याकडचं एक उदाहरण देऊन थांबतो. ॲटलस सायकल म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना वडिलांची सायकल आठवेल. 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीनं साहिबाबादचा आपला शेवटचा चालू कारखाना 3 जून 2020 रोजी बंद केला. तो जागतिक सायकल दिन होता. जगात सायकलींना कधी नव्हे एवढी मागणी आली, त्याच वर्षी. तिची कारणं वेगळी, पैशाची होती. प्रदर्शनाशी त्यांचा संबंध जोडू नये. पण एक गोष्ट यातून घ्यावी: सायकलीला मागणी असणं आणि सायकलीचा धंदा नीट चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. लास व्हेगासची रोषणाई गेली, त्याचं दुःख करू नका. दुःख याचं की सगळ्यांचा माल एका छपराखाली बघून नाही म्हणायची दुकानदाराची सोय गेली. ती परत आणायला मोठं शहर लागत नाही. मागणी नोंदवायच्या आधीची तारीख, साधी टेबलं, आणि त्यांतली काही टेबलं दुरुस्ती करणाऱ्यांसाठी राखलेली, एवढं पुरे. नवा हब मांडणाऱ्यानं आधी त्या टेबलावर जाऊन सांगावं, जुन्याचे भाग किती वर्षं देणार. उत्तर तिथंच, सगळ्यांसमोर लिहून घ्यावं.

आता प्रश्न घेऊ या.