संकासुराची बोली

विनोदी कलाकृतीतील मानवेतर जीवाच्या मुखी कोणती भाषा घालावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्यात भाषेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न दडलेला असतो. सिंधुदुर्गातील दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात येणारा संकासुर हे याचे बोलके उदाहरण होय.

पुराणातील शंखासुर वेद चोरून समुद्रात दडतो व मत्स्यरूपी विष्णू त्याचा वध करतो. मालवण-कुडाळकडील जत्रांत तो येतो, तेव्हा त्याच्या नावातील ‘श’चा ‘स’ झालेला असतो आणि ‘ख’चे महाप्राणत्व लोपलेले असते, जणू नावानेच त्या भूमीचा उच्चार स्वीकारला आहे. काळा वेष, काळा बुरखा, लोंबणारी तांबडी जीभ हे त्याचे रूप परक्या, भयप्रद सत्त्वाचे. बोली मात्र समोर बसलेल्या शेतकऱ्यांची नि गाबितांची. सूत्रधार ग्रांथिक मराठीत विचारतो, संकासुर मालवणीत उत्तरतो आणि शब्दांचे भलतेच अर्थ लावून हशा पिकवतो.

याच्या नेमकी उलट योजना १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युचरामा’ या अमेरिकन विज्ञान-विनोदी चलच्चित्रमालिकेत आढळते. तीतील निब्लर हा परग्रहावरील चिमुकला, खादाड प्राणी आरंभी मुका पाळीव जीव म्हणून वावरतो. २००१ मधील एका भागात त्याची जात अतिप्राचीन व प्रज्ञावंत असल्याचे उघड होते, आणि तिच्या तोंडी गंभीर, भारदस्त इंग्रजी येते. दोन्हीकडे हास्याचे मूळ रूप व वाणी यांच्या विसंगतीत आहे. परंतु निब्लरला उच्च शैलीमुळे प्रतिष्ठा लाभते, तर संकासुराला बोलीमुळे जवळीक.

म्हणूनच ‘बोली विदूषकाला, प्रमाणभाषा देवांना’ एवढ्या सूत्रात संकासुर सामावत नाही. त्याच्या प्रश्नोत्तरांत हसू होते ते केवळ मालवणीचे नव्हे. सूत्रधाराचे जड शब्दही तितकेच हास्यास्पद ठरतात. वेद पळविणारा असुर येथे पंडिती वाणीलाच प्रश्न विचारतो. तथापि या स्वातंत्र्याला मर्यादा आहे. अखेर विष्णू त्याचा वध करतो, आणि पुढील आख्यानात राजे व देव ग्रांथिक मराठीतच बोलतात. हसविण्याचा अधिकार बोलीला मिळतो, निर्णयाचा नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर संपूर्ण नाटक पेलण्याची संधी दिली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

दशावतारातील संवाद लिखित संहितेत बद्ध नसतात. नट ते रंगमंचावरच रचतो. त्यामुळे संकासुराचा अभ्यास ग्रंथालयात पुरा होणारा नाही. त्याचे शब्द टिपताना प्रेक्षक नेमके कोणत्या शब्दाला हसले, हेही टिपावे लागेल. कारण त्या हास्यातच बोलीचे स्थान निश्चित होत असते.